थोरली कल्याणला आली

इंदूर सोडून कल्याणला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "अरे, परमुलखात जायला तुला इथून कोणी हाकललंय का?" परमुलूखच तो. इंदूर म्हणजे संस्थान. तिथलं नाणं वेगळं, कायदा वेगळा, बोलणंसुद्धा अर्धं हिंदीत भिजलेलं. कल्याण म्हणजे इंग्रज सरकारचा मुलूख. घरातल्या बायकांनी मला असं पोटाशी धरलं की बघणाऱ्याला वाटावं, मी काळ्या पाण्यावर निघाले. आणि मी? मला इतका आनंद झाला होता की तोंड लपवायला मी माजघरात पळाले.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिलीला घरात सगळे थोरली म्हणत. थोरली बाळंत होता होता गेली, मूलही पोटातच गेलं, आणि वर्ष सरायच्या आत मी त्या घरात आले. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईला सवतीचा टाक गळ्यात घालावा लागे. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. बांगड्या आधी तिला दाखवायच्या. असं केलं की गेलेली खूश राहते आणि नवीचं वाईट करत नाही, असं म्हणत. मेलं कसलं खूश! मला तर वाटायचं, जन्मभर मी हिचं उतरलेलंच नेसतेय.

आणि ती काही खूश नव्हती. मला दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. घरात कोणी तोंडावर बोललं नाही, पण मी गेले की कुजबुज थांबायची. बाळंतपणात गेलेली बाई घर सोडत नाही, दुसरीचं मूल जगू देत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? मी तिसऱ्यांदा गरोदर राहिले तेव्हा पोटावर हात ठेवून झोपायचे आणि गळ्यातला टाक पाठीकडे सारायचे. तिला पोट दिसू नये म्हणून. हसा खुशाल. तुमच्या गळ्यात कोणी मेलेली बाई बांधली असती म्हणजे कळलं असतं.

अशात एके दिवशी ह्यांनी मला सांगितलं की कल्याणच्या शाळेत मास्तरकी मिळतेय. हे इंदुरात दरबारच्या दफ्तरात होते. तिथे कामापेक्षा कोणापुढे किती वाकायचं याचंच शास्त्र मोठं. घरी यावं तर तिथे पंगतीवर पंगत, पाहुणे, पोरं, भांडणं, बाहेर नौबत. नवराबायकोनं दिवसाउजेडी दोन शब्द बोलायची सोय नाही. हे म्हणाले, "लहान गाव आहे. तळं आहे, खाडी आहे. सकाळी शाळा, संध्याकाळी फिरणं. दोघांपुरतं घर बघू. साधं राहू." लग्न झाल्यापासून हे माझ्याशी एका दमात इतकी वाक्यं बोलले नव्हते. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी चाललंय. माझ्यासाठी आणि पोटातल्यासाठी.

सासूबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण रडून झाल्यावर त्या उठल्या आणि कामाला लागल्या. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातला टाक स्वतःच्या हातानं काढला आणि देवघरात ठेवला. "हिचं मी बघते. तू तुझं पोर सांभाळ," म्हणाल्या. मग ह्यांना बोलावून त्यांनी मोहरीची एक मोठी पुडी हातात दिली. गाडी नर्मदेच्या पुलावर यायच्या आधी ही खिडकीतून मागे टाकत जायची. बाळंतपणात गेलेली मोहरी वेचायला बसते, दाणा न् दाणा गोळा झाल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, आणि रेल्वेच्या वाटेवरचे दाणे वेचून कधी संपणार? पुढे तर नदीच. हे इंग्रजी शिकलेले, असल्या गोष्टींना हसणारे. पण त्या दिवशी हसले नाहीत. पुडी घेतली आणि कोटाच्या खिशात घातली.

पूल यायची वेळ झाली तेव्हा हे उठून खिडकीशी उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. टाकताना बघू नये असं सासूबाईंनी बजावलं होतं. गाडी पुलावर आली, खाली नर्मदामाईचं पाणी दिसलं, मी हात जोडले, पाण्यात पैसा टाकला आणि मनात थोरलीला म्हटलं, बाई गं, आता इथेच राहा. तुझं तुला, माझं मला.

कल्याणला आम्ही पारनाक्याच्या बाजूला एका घराचा मागचा भाग घेतला. पुढच्या भागात घराची मालकीण राहायची, एकटी विधवा बाई. मी त्यांना काकू म्हणत असे. दोन खोल्या, ओटी, मागे विहीर आणि विहिरीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. एवढंच. पण काय सांगू, पहिल्या सकाळी मी उठले आणि घरात कोणाचाही आवाज नाही! कोणी हाक मारत नाही, कोणी चुलीवरून भांडत नाही. लांब कुठेतरी भात कांडल्याचा आवाज आणि ओहोटीच्या चिखलाचा वास. मी चुलीपुढे बसून एकटीच हसले. मानेला हात लावला तर तिथे काही नव्हतं.

कल्याणच्या बायका मला 'इंदूरकरीण' म्हणायच्या आणि माझ्या बोलण्याची थट्टा करायच्या. मी गव्हाच्या पोळ्या लाटायला बसले की काकू म्हणायच्या, "अगं, रोज काय सण असतो तुमच्याकडे?" त्यांनी मला तांदळाची भाकरी थापायला शिकवलं. माझ्या पहिल्या भाकऱ्या अशा झाल्या की विहिरीवर धुणं आपटायला चालल्या असत्या. मला काही वाईट वाटत नव्हतं. कारण त्या गावात कोणालाही ठाऊक नव्हतं की मी दुसरी आहे. हळदीकुंकवाला बायका मला पहिलटकरीण म्हणायच्या, कौतुकानं पोटाकडे बघायच्या. लुगडं आणलं की मी घडी मोडायची आणि सरळ नेसायची. तीन-चार महिने असे सुखाचे गेले. पोटातलं हलायला लागलं. एवढे दिवस आधी कधी टिकलं नव्हतं.

संध्याकाळी हे मला तळ्यावर फिरायला न्यायचे. आता हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा नवराबायकोनं फिरायला जाणं म्हणजे तमाशाच. म्हणून हे पुढे आणि मी बरीच मागे, ओळखदेख नसल्यासारखी. तळ्याकडे जाणारा बोळ अरुंद होता. बोळाच्या तोंडाशी आलं की हे थांबायचे, अंग चोरून भिंतीशी उभे राहायचे, कोणाला पुढे जाऊ द्यावं तसे. मग चालायला लागायचे. आधी मला वाटलं, माझ्यासाठी थांबतात. मी लगबगीनं जवळ गेले तर हे चालायला लागलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तळ्याच्या कठड्यावर बसायचे तेव्हा कडेला बसायचे, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी पलीकडे जाऊन बसायचे. त्या मधल्या जागेवर मला बसवत नव्हतं. का, ते सांगता येणार नाही. माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी स्वतःलाच म्हणायचे, गरोदरपणाचे चोचले आहेत झालं.

मग एकदा पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून मी ह्यांचा तो जाड कोट उन्हात घालायला काढला. खिसे उलटे केले. आतल्या खिशातून पुडी निघाली. सासूबाईंनी बांधलेली, त्यांच्याच दोऱ्याची, गाठसुद्धा न सुटलेली. मोहरीचा एक दाणा कमी नव्हता.

मी तिथेच अंगणात बसले. म्हणजे वाटेत काही टाकलंच नव्हतं. पुलाआधी हे खिडकीशी उभे होते ते नुसतेच उभे होते. मधली वाट उघडीच राहिली होती. मी जिला नर्मदेपलीकडे ठेवून आले म्हणून नाचत होते, ती आमच्याबरोबर उतरली होती. पोटातलं पोर नेमकं तेव्हाच हललं आणि मी दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

ह्यांना विचारावं तर तोंड उघडेना. विचारलं आणि "विसरलो" म्हणाले तर ते खोटं असणार, आणि खरं सांगितलं तर ते मला ऐकवणार नव्हतं. मी पुडी तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि गप्प बसले. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही हो, पण बसले.

दोन-चार दिवसांनी काकूंनी विहिरीवर विचारलं, "तुमच्याकडे कोण आलंय गं? मास्तर मागल्या पायऱ्यांवर बोलत बसलेले असतात दुपारचे. बाईमाणूस आहे ना? फार हळू बोलतात म्हणून वाटलं." मी म्हटलं, "धडा पाठ करत असतील शाळेचा." काकू हसल्या. माझ्या हातातला दोर सुटला आणि घागर विहिरीत गेली ती गेलीच.

त्या रविवारी दुपारी मी निजल्याचं सोंग घेतलं. हे उठले, मागच्या दाराशी गेले, पायऱ्यांवर बसले. मी दाराआड जाऊन उभी राहिले. काकूंचं म्हणणं खरं होतं, आवाज फार हळू होता. आधी एक नाव ऐकू आलं. थोरलीचं. ह्यांच्या तोंडून मी बायकोचं नाव पहिल्यांदा ऐकत होते. तेव्हा नवरा बायकोला नावानं हाक मारतच नसे. अगं म्हणायचं, नाहीतर नुसतं खाकरायचं. मला तर ह्यांनी कधी अगंसुद्धा धड म्हटलं नव्हतं. पण थोरली त्या घरात आली तेव्हा आठ वर्षांची होती आणि हे थोडे मोठे. दोघं बरोबर खेळत वाढली होती. लपाछपीत नाव घेतल्याशिवाय कसं चालेल? ते नाव ह्यांच्या जिभेवर तेव्हापासूनच होतं.

"बरं वाटतंय ना इथे?" हे म्हणत होते. "गर्दी नाही, कोणाचा आवाज नाही. तुला तिथे दोन घटका बसायला मिळालं नाही कधी. लहान गावात जाऊ, दोघंच राहू, असं म्हणालो होतो ना? उशीर झाला गं. पण आणलं की नाही?"

मी दाराला टेकून उभी होते. हे सगळं तिचं होतं. ते तळं, ती ओटी, ती शांतता, दोघांपुरतं घर, साधं राहणं, सगळं तिला कबूल केलेलं होतं. आपण तिला मागे टाकून पळून आलोय असं मी समजत होते, आणि हे तिला घेऊन आले होते. जास्तीची जर कोणी त्या घरात असेल, तर ती मी होते.

असा संताप आला म्हणता! आत गेले, पुडी काढली, गाठ तोडली. आता उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत मोहरी पसरते आणि बघते कशी येते पायऱ्यांवर, असं ठरवून मूठ भरली. आणि दारात येऊन थबकले. हे पायरीवर बसले होते, मान थोडी कलती करून, कोणाचं तरी ऐकत. ह्यांच्या तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. मला कळून चुकलं. मोहरी टाकली तर ती बाहेर राहील, आणि हेही तिच्याबरोबर बाहेरच राहतील. माझ्या पोटातल्याला आई असेल, भिंती असतील, बाप नसेल.

मी परत स्वयंपाकघरात गेले आणि सगळी मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली. बरेच दिवस आमटीला तीच पुरली. चव चांगली होती.

पण भीती गेली नाही. दिवस भरत आले तशी ती वाढतच गेली. माहेरी माझं कोणी उरलं नव्हतं, इंदुरात जायला मी धजत नव्हते, म्हणून बाळंतपण कल्याणलाच. मला एकच दिसत होतं. थोरली नेमकी याच घटकेला गेली होती, मूल यायच्या वेळी. ती इथे घरात आहे. तिचं गेलं ते माझं ती राहू देईल का? काकू मला डोहाळजेवणाची गाणी म्हणून दाखवायच्या आणि मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे. नवरा घे म्हणायचे, घर घे, तळं घे. हे एवढं सोड.

कळा सकाळी सुरू झाल्या. खाडीकाठच्या गावातली सुईण आली, उंच, काळीसावळी, पानानं तोंड रंगलेलं. "भिऊ नको बाय, सगला बरा होल," म्हणाली. बरं कसलं होतंय! दुपार झाली, दुपार उलटली, आणि सुईणीचं बोलणं कमी कमी होत गेलं. मूल अडलं होतं. काकूंनी देव पाण्यात ठेवले. दाराबाहेर ह्यांची पावलं ऐकू येत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग पावलंही थांबली. त्या वेळी मला खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणा, दिसलं म्हणा, तापात म्हणा. मी तिकडे बघून ओरडले, "आता तरी हो बाजूला!" सुईणीला वाटलं मी काकूंवर ओरडले. काकू बिचाऱ्या खरंच बाजूला झाल्या.

आणि पोर आली. रडली. असं खणखणीत रडली की पुढच्या ओटीवर ऐकू गेलं. "लक्षुमी झाली," सुईण म्हणाली, आणि काकू देवापुढे जाऊन रडायला लागल्या.

तेवढ्यात दार उघडलं आणि हे आत आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष! दहा दिवस सोयर, कोणाची सावली पडू देत नाहीत, आणि हे सरळ आत. काकू ओरडल्या, "अहो मास्तर, हे काय, हे काय!" ह्यांनी ऐकलं नाही. पोरीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या उशाशी गुडघे टेकून बसले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत मला हाक मारली. नावानं. तिच्या नावानं.

"जगलीस," म्हणाले. "जगलीस गं तू." आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

काकूंना, सुईणीला काय माहीत, नाव कोणाचं ते. मला माहीत होतं. मी एवढं सोसलं, रक्तबंबाळ होऊन पडले, आणि माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला हाक मारली ती मेलेल्या बाईच्या नावानं. जीव इतका जळला की वाटलं, हात झिडकारावा आणि सांगावं, ती गेली, कधीच गेली, ही मी आहे. पण ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं हा माणूस एका बंद दाराबाहेर उभा होता, आणि आज कुठे ते दार उघडून आतली बाई त्याला जिवंत मिळाली होती. मी नाही म्हटलं असतं तर ती त्याच्या हातांत पुन्हा मेली असती. आणि या वेळी मी मारली असती.

मी म्हटलं, "ओ."

त्यानंतर हे मागल्या पायऱ्यांवर कधी बोलत बसले नाहीत. बोळाच्या तोंडाशी थांबले नाहीत. पोरीला घेऊन ओटीवर फिरायचे, तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचे. मला मात्र त्या नावानंच हाक येऊ लागली. कल्याणच्या बायका म्हणायच्या, "मास्तर सुधारक हो! बायकोला चारचौघांत नावानं हाक मारतात." माझा जरा हेवाच करायच्या. मी ओ द्यायची आणि भाकरी थापायची.

बारशाच्या दिवशी काकूंनी पाळणा सजवला, बायका जमल्या. हे दाराशी आले आणि मला हळूच म्हणाले की पोरीचं नाव तेच ठेवावं. कोणतं, ते सांगावं लागलं नाही. सगळं मी गिळलं होतं, पण तेव्हा माझ्यातली इंदूरकरीण उसळून उठली. मी पाळणा घट्ट धरला आणि म्हटलं, "नाही. त्या नावानं हाक मारायची ती मला मारा. हवी तितकी मारा, मी मरेपर्यंत ओ देईन. पोरीला नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ह्यांना बहुतेक मी दिसले, मी स्वतः, तेवढ्यापुरती. मग मान हलवली आणि बाहेर गेले. पोरीच्या कानात आम्ही असं नाव सांगितलं, जे आमच्या घराण्यात कोणाचंच नव्हतं.

हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पोर संसाराला लागली, सुखात आहे, तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी उशाशी होते आणि कोपऱ्यात कोणी नव्हतं. तिला आईचं नाव विचारलं की ती तेच सांगते. तिनं जन्मापासून बापाच्या तोंडून तेच ऐकलं. लग्नात मला मिळालेलं नाव तिला ठाऊक नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. सांगून काय करू? त्या नावानं मला कोणी कधी हाकच मारली नव्हती.